थंडीतलं वादळ आणि भाड्याचा मंडप

(बुलढाणा जिल्ह्यातल्या मंडप आणि बिछायत व्यावसायिकांपुढे चिखली इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तिथे तसाच ठेवला आहे. शेवटच्या प्रश्नोत्तरांपैकी काहीच घेतली आहेत.)



समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात शेकडो मंडप उभे केले असतील. मी एकही केलेला नाही. मी तंत्रनिकेतनात इमारतींचं गणित शिकवायचो, आता निवृत्त झालोय. पण माझ्या मामांचं बिछायत केंद्र होतं आणि माझ्या उन्हाळ्याच्या, दिवाळीच्या सगळ्या सुट्ट्या कनातींच्या ढिगावर झोपण्यात गेल्या. त्यामुळे तुमच्या धंद्याचा वास मला ओळखीचा आहे. ओल्या कापडाचा तर फारच.

विषय हिवाळ्याचा का घेतला, ते आधी सांगतो. पावसाळ्यात आपण सावध असतो. जूनमध्ये कोणी मंडप मागितला तर आपण आधी आभाळाकडे बघतो, मग दर सांगतो. उन्हाळ्यातल्या वावटळीही आपल्याला माहीत आहेत. हिवाळा मात्र आपल्याला बेसावध गाठतो, कारण तेच आपले कमाईचे महिने. तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू. मग १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव, त्याच सुमाराला हिवरा आश्रमाचा विवेकानंद जन्मोत्सव, माघात शेगावचा प्रकट दिन, शिवाय गावोगावचे सप्ताह. सगळं उघड्या मैदानावर किंवा सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात. सगळा माल गोदामाबाहेर असतो तो याच दिवसांत.

आठवा, २०२३ सालचा नोव्हेंबर. २७ तारखेला कार्तिकी पौर्णिमा होती. म्हणजे तुळशीच्या लग्नाचे शेवटचे दिवस आणि माणसांच्या लग्नांचे पहिले. २६-२७ ला वारा, पाऊस आणि गारा, तिन्ही एकदम आले. देऊळगाव राजा, सिंदखेडराजा, लोणार या पट्ट्यात बीजोत्पादनाची शेडनेट आडवी झाली. पेपरात शेडनेटच्या, कपाशीच्या, तुरीच्या बातम्या आल्या. मंडपांची बातमी कोणी करत नाही, कारण मंडपाचा पंचनामा होत नाही. पण शेडनेट म्हणजे तरी काय? लोखंडी पाइप, वर ताणलेलं कापड, बाजूला पडदे. तुमच्या मंडपाचा सख्खा भाऊच. आणि तो बिचारा निदान सिमेंटच्या पायात गाडलेला असतो. तुमचा तर नुसता टेकवलेला!

हे वादळ येतं कुठून? हिवाळ्यात उत्तरेकडून पश्चिमी झंझावात सरकत असतात. पंजाब-काश्मीरकडे पाऊस आणि बर्फ देणारी हीच ती वाऱ्यांची साखळी. तिचा शेपटा कधी कधी खाली आपल्यापर्यंत पोचतो. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून ओलसर वारा आत आला, तर दोघांची गाठ विदर्भ-मराठवाड्यावर पडते. खाली दमट हवा, वर एकदम थंड हवा. दमट हवा उसळून वर जाते आणि ढग उभा राहतो. हिवाळ्यात शून्य अंशाची पातळी पावसाळ्यापेक्षा खाली आलेली असते, म्हणून गार पडताना वितळायला वाव कमी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपिटीनं काय केलं, ते कोणाला सांगायला नको.

आता त्या ढगाची एक खोड लक्षात ठेवा. पाऊस खाली येताना थंड हवेचा मोठा लोट बरोबर घेऊन येतो. तो लोट जमिनीवर आपटतो आणि चहूकडे पसरतो. म्हणजे वारा आधी, पाऊस नंतर. मंडप जातो तो पहिला थेंब पडायच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत. उन्हाळ्यात तो गार झोत अंगाला लगेच कळतो. डिसेंबरच्या संध्याकाळी हवा आधीच गार असते, त्यामुळे तो पटकन ओळखू येत नाही. शिवाय हा वारा कुठल्याही दिशेनं येतो. ‘आपल्याकडे पश्चिमेचाच वारा’ म्हणून एकाच बाजूला ताण देऊन ठेवला, तर फसलात.

आता मुद्द्याची गोष्ट. वारा मंडपाला ढकलून पाडतो, असं आपल्याला वाटतं. म्हणून आपण तिरके टेकू देतो, बल्ली जाड घेतो. पण जास्त वेळा वारा मंडप *उचलतो*. कागदाची एक पट्टी ओठाखाली धरा आणि वरून फुंका. पट्टी वर येते. छतावरून वारा जोरात जातो तेव्हा वर ओढ तयार होते. कापड वर फुगतं, त्याच्याबरोबर पाइप वर जातो, पाइपाचा पाय जमिनीवरून सुटतो, आणि पाय सुटलेल्या मंडपाला मग साधा झोतही आडवा करतो. दुसऱ्या दिवशी तो आडवा दिसतो म्हणून आपण म्हणतो, वाऱ्यानं पाडला. आधी उचलला होता, हे बघायला तिथे कोणी थांबलेलं नसतं.

थोडं गणित करू. घाबरू नका, गुणाकारच आहे. तुमचा नेहमीचा पंधरा बाय पंधरा फुटांचा एक खण धरा, म्हणजे २२५ चौरस फूट. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याच्या दाबाचं जे सूत्र आहे त्याने ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याला या एका खणावर साधारण १५८ किलो जोर येतो. ताशी ६० ला ३५५ किलो. ताशी ८० ला ६३१ किलो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. चाळीसला तग धरलेला मंडप साठला ‘थोडाच जास्त वारा होता’ म्हणताना का गेला, ते यावरून कळेल.

त्याच मानकात शहरांचे वेग दिलेत. छत्रपती संभाजीनगरला सेकंदाला ३९ मीटर, नागपूरला ४४. आपण मधले. ३९ धरा. तात्पुरत्या बांधकामाला त्यात सूट मिळते, तरी आकडा ताशी १०७ किलोमीटरच्या आसपास येतो. त्या वेगाला एका खणावर ११०० किलोच्या वर जोर. आपल्या पाइपाच्या मंडपाची ही ताकद नाही, कधीच नव्हती. मोठ्या सभांचे जर्मन हँगर त्या हिशेबाने बांधता येतात. आपला मंडप म्हणजे चांगल्या हवेतली वस्तू आहे, हे आधी स्वतःशी कबूल करायला हवं. एकदा ते केलं की प्रश्न बदलतो. ‘मंडप वादळात कसा टिकवायचा’ असं न विचारता ‘माझा मंडप किती वाऱ्यापर्यंत माझा, आणि त्याच्या पुढे मी काय करणार’ असं विचारावं लागतं.

तो आकडा तुमच्या हातात आहे. आणि तो सगळ्यात जास्त बिघडतो हिवाळ्यातल्या एका हौसेनं: कनाती.

थंडी असते. वरपक्षाचे पाहुणे कुडकुडत असतात. कोणीतरी येऊन म्हणतं, “भाऊ, लय थंडी वाजू राहिली, तीन्ही बाजूनं कनाती लावा ना.” आपण लावतो, पैसेही मिळतात. पण तीन बाजू बंद आणि एक उघडी, हा मंडपाचा सगळ्यात वाईट आकार. उघड्या तोंडातून वारा आत शिरतो, बाहेर पडायला वाट नसते, तो छताला खालून रेटतो. वरून ओढ, खालून रेटा. मघाचा ३५५ चा आकडा तिथे दीडपट धरा, ५३० च्या घरात. आणि या तोंडाची दिशा आपण वाऱ्याला विचारून ठरवलेली नसते, ती स्टेज कुठे आहे त्यावरून ठरते. चारही बाजू नीट बंद असतील तर जोर तुलनेनं कमी, पण मग कनात स्वतः शिडासारखी वारा धरते, शिवाय आत माणसं अडकतात. म्हणून माझं म्हणणं: थंडीसाठी कनात लावायचीच तर माणसाच्या डोक्याइतकी, साडेपाच-सहा फूट, आणि तिच्यावर छतापर्यंत मोकळी जागा. बसलेल्या माणसाला वारा लागत नाही, आणि आत आलेल्या वाऱ्याला जायला वाट राहते. दिसायला जरा ओकंबोकं वाटेल, वाटू द्या.

जाता जाता, बंद मंडपात शेगड्या आणि हीटर ठेवणं याबद्दल एकच वाक्य. हरियाणात डबवालीला २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या कार्यक्रमात सिंथेटिक कापडाच्या बंद मंडपाला आग लागली, आणि चारशेहून जास्त माणसं, बहुतेक लहान मुलं, गेली. मंडपांच्या आगीच्या खबरदारीसाठी भारतीय मानक ८७५८ आहे. ते मागवून वाचा, मी त्यात आज शिरत नाही.

तर वजन. एका खणाचा पाइप, कापड, झालर मिळून स्वतःचं वजन सत्तर-ऐंशी किलो धरू. चाळीसच्या वाऱ्याला, तीन बाजू बंद असताना, वर ओढणारा जोर २३७ किलो. म्हणजे १६०-१७० किलो कुठून तरी आणायचं. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम पाण्यानं भरला की दोनशे किलो. दर खांबाला एक ड्रम, पायाशी बांधलेला. नुसता शेजारी ठेवलेला नाही! मी अनेक ठिकाणी पाहिलंय, ड्रम खांबाला टेकवून ठेवतात आणि वर फुलांची माळ. खांब वर जातो, ड्रम तिथेच. दोर खांबाच्या खालच्या क्लॅम्पला आणि ड्रमच्या बुंध्याखालून घेतलेला हवा. कडेच्या खांबावर छत अर्धंच येतं, कोपऱ्यावर पाव, म्हणून तिथे कमी चालेल असं वाटेल. चालत नाही. छताच्या कडांना आणि कोपऱ्यांना वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त असते. कुठलाही उडालेला मंडप आठवा, पहिल्यांदा कोपरा फडफडायला लागला होता.

साठच्या वाऱ्याला हाच हिशेब केला तर खांबाला दोन-तीन ड्रम लागतील. एवढे ड्रम कोण आणणार, कोण भरणार? कोणी नाही. म्हणूनच म्हटलं, साध्या मंडपाची मर्यादा ताशी चाळीसच्या आसपास समजा.

मैदानात मात्र ड्रमपेक्षा खुंटी बरी, जमीन चांगली असेल तर. इथे आपल्या जिल्ह्याची गंमत आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकरकडे बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम लागतो. खुंटी ठोकताना हात दुखतात, पण एकदा गेली की धरते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, पूर्णेकाठची काळी माती. हिवाळ्यात ती वरून कडक, भेगाळलेली असते. खुंटी ठोकली की छान घट्ट बसल्यासारखी वाटते. पाऊस आला की तीच माती फुगून लोण्यासारखी होते, आणि ज्या क्षणी खुंटीवर सगळ्यात जास्त ताण, त्याच क्षणी तिची पकड जाते. नांगरलेल्या वावरात तर पावसाचीही गरज नाही.

यावर एक साधी चाचणी सांगतो. सोयाबीनची पोती मोजायचा लटकता काटा तुमच्या ओळखीच्या कोणत्याही व्यापाऱ्याकडे असतो. मैदानावर एक खुंटी ठोका, भोवती दोन बादल्या पाणी ओता, तासभर थांबा. मग तिकाटण्याला चेन पुली, पुलीला काटा, काट्याला खुंटी, आणि हळूहळू वर ओढा. किती किलोला हलली? तोच तुमच्या खुंटीचा खरा आकडा. काळ्या मातीत दीड फुटी खुंटीचा आकडा बघून वाईट वाटेल. मग तीन फुटी सळई घ्या, किंवा एका तणाव्याला दोन खुंट्या मागे-पुढे द्या. खुंटीचं डोकं मंडपापासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं, आणि तणावा जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंशात. खांबाजवळ उभा तणावा दिला तर पाहुण्यांच्या पायात येत नाही हे खरं, पण आडव्या वाऱ्याला तो अडवतही नाही.

दोराचंही सांगून ठेवतो. सुती किंवा अंबाडीचा दोर भिजला की आखडतो. रात्री दव पडलं तरी थोडा आखडतो. म्हणून जुने लोक संध्याकाळी तंबूचे तणावे जरा सैल करत, ते उगीच नाही. आखडलेला दोर स्वतःच खुंटी उपटतो. नायलॉन उलटा, भिजला की लांबतो. पावसात ताण सैल पडतो, कापड फडफडायला लागतं, आणि फडफड सुरू झाली की गाठी सुटतात, शिवण उसवते. नायलॉन असेल तर पहिल्या सरीनंतर एक फेरी मारून ताण परत घ्यावा लागतो. आणि उन्हात वर्षभर राहिलेला प्लास्टिकचा दोर हातात घेऊन पिळून बघा. भुसा पडला तर तो दोर गाईलासुद्धा बांधू नका.

आता एक घरची गोष्ट सांगतो. सांगावीशी वाटत नाही, पण सांगतो.

घाटाखालच्या एका गावात आमच्या मामांचा लग्नाचा मंडप होता. दिवस फेब्रुवारीचे. दुपारी आभाळ भरलं. मामांनी नवीन सॅटिनचं सीलिंग पहिल्यांदाच लावलं होतं, कर्ज काढून घेतलेलं. वारा सुटला तसे ते ओरडले, “कापड सोडा!” आमच्याकडे कामाला एक मुलगा होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो शिडीवर चढला. गाठी होत्या निरगाठी, सुतळीच्या, दोन-दोन फेरे मारलेल्या. ओल्या झालेल्या निरगाठी बोटांनी सुटत नाहीत, दातांनीही नाही. तो एकेक कापत होता. तिसऱ्या का चौथ्या खांबावर असताना सगळा खण वर उचलला गेला आणि खाली आला. कापडाला फक्त दोन ठिकाणी फाटलं. शिवून पुढे तीन हंगाम वापरलं. तो मुलगा कंबरेतून गेला. पुन्हा शिडी चढला नाही, पुन्हा नीट चाललाही नाही. मामांनी शेवटपर्यंत त्याच्या घरी धान्य पाठवलं. पण त्या दिवशीचं “कापड सोडा” ते विसरू शकले नाहीत. मला इतकी वर्षं इमारतींचं गणित येतं, पण ही चूक कुठे झाली ते कळायला मला फार काळ लागला. चूक वादळात झालीच नव्हती. ती आदल्या दिवशी गाठ मारताना झाली होती.

छताच्या कापडाला निरगाठ मारायची नाही. सुरगाठ मारायची, तिचा मोकळा पदर माणसाच्या हाताला येईल इतका लांब खाली सोडायचा. वेळ आली की जमिनीवर उभं राहून पदर ओढायचा, गाठ सुटते. आपल्या बायका पोत्याचं तोंड बांधतात तशीच गाठ, त्यात नवं काही नाही. सांगाड्याचे क्लॅम्प, नट-बोल्ट मात्र पक्के. सांगाडा पक्का आणि कापड सुटणारं, असं हवं. आपण बरोबर उलटं करतो. क्लॅम्प हातानं आवळलेला आणि कापडाला सात गाठी. कापड सुटलं तर फार तर बाभळीवर जाऊन अडकेल. नाही सुटलं तर ते सांगाडा घेऊन जातं. आणि वारा सुटल्यावर कोणीही शिडीवर चढायचं नाही. कोणाचंही, कितीही महाग कापड असो.

मग सोडायचं कधी? इथे तुम्हाला आधी कळायला हवं. बुलढाणा जिल्हा हवामान खात्याच्या विदर्भ विभागात येतो, म्हणून आपला अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून निघतो. पलीकडचा जालना मराठवाड्यात, त्याचा अंदाज मुंबईहून. देऊळगाव राजाच्या माणसाने दोन्ही बघावेत, ढगाला जिल्ह्याची हद्द माहीत नसते. चार-पाच दिवस आधी पिवळा, नारिंगी असे इशारे येतात. त्या दिवशी तीन-तीन तासांचे ताजे इशारे येतात, ‘विजांसह ताशी ३०-४० किलोमीटर वेगाचा वारा’ अशा भाषेत. ‘मौसम’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही दोन्ही ॲप सरकारी आहेत, फुकट आहेत. नारिंगी इशारा असेल तर त्या दिवशी सीलिंग लावूच नका. नुसत्या सांगाड्यावर लायटिंग करा.

आणि वारा मोजायला यंत्र नसेल तर झाडं बघा. लहान झाडं सबंध डोलायला लागली की तीसच्या पुढे गेलाय. मोठ्या फांद्या हलतायत, तारा शिट्टी घालतायत, छत्री सावरत नाही, म्हणजे चाळीस ते पन्नास. आख्खी मोठी झाडं हलतायत आणि समोरून चालत जायला जोर लागतोय, म्हणजे पन्नासच्या पुढे. तारांची शिट्टी ऐकू यायच्या *आधी* मंडप रिकामा झालेला असायला हवा.

रिकामा करून माणसं कुठे पाठवायची, हेही ठरलेलं हवं. शाळा, समाजमंदिर, पक्कं घर. टिनाचं शेड किंवा झाड नाही. शेगावहून अकोल्याकडे जाताना पारस लागतं. ९ एप्रिल २०२३ ला संध्याकाळी तिथे संस्थानात जमलेले भाविक वादळ-पावसात टिनाच्या शेडखाली होते. जुना मोठा लिंब त्या शेडवर पडला. सात माणसं गेली. ते हिवाळ्याचे दिवस नव्हते, पण निवारा बघताना आधी वर बघायचं, हे तिथून घ्यायचं.

विजेचं तसंच. राजस्थानात बाडमेरजवळ जसोलला २३ जून २०१९ ला रामकथेचा मंडप वादळात कोसळला, १४ जण गेले. नुसत्या पाइपाखाली सापडून नव्हे, लोखंडी सांगाड्यात करंट उतरल्यानंही. तुमच्या लाइटवाल्याला विचारा, गळती धरणारा ब्रेकर आहे का, आणि सांगाडा जमिनीला अर्थ केलाय का. मंडप रिकामा करताना पहिला माणूस जनरेटरकडे आणि मेन स्विचकडे धावला पाहिजे. त्याचं नाव सकाळीच ठरवा. अंधार होईल, ओरडा होईल, म्हणून बॅटरीवरचे दोन दिवे बाहेरच्या वाटेवर वेगळे ठेवा.

पाण्याचं थोडक्यात. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक किलो. तुमच्या खणावर वीस मिलिमीटर पाऊस पडला आणि वाहून गेला नाही, तर चारशे किलोच्या वर. कापड सैल असेल तिथे आधी वाटीएवढं पाणी साचतं, त्या वजनाने खोलगट होतं, म्हणून आणखी साचतं. मग खालून बांबूने ढोसायचं, हा आपला राष्ट्रीय उपाय. पोटाएवढा फुगा झाल्यावर ढोसलात तर शंभर-दोनशे किलो पाणी एका बाजूला झेपावतं आणि खांब कलतो. ढोसायचंच तर बशीएवढं असताना. खरा उपाय उताराचा: पंधरा फुटी खणाला मध्ये तीन फूट तरी उंची द्या आणि ताडपत्री सुरकुती न ठेवता ताणा. गारा मात्र उतारावरूनही लवकर घसरत नाहीत, सुरकुतीत अडकून बसतात.

शेवटचं, बुकिंगची पावती. तुमच्या पावतीवर काय छापलंय? ‘माल खराब झाल्यास भरपाई द्यावी लागेल’, आणि देवाचा फोटो. तिथे आणखी दोन ओळी छापा. एक: हवामानाचा इशारा आल्यास किंवा वारा वाढल्यास मंडप रिकामा करण्याचा, कापड उतरवण्याचा निर्णय मंडपवाल्याचा राहील. दोन: वाऱ्यामुळे कापड उतरवलं तर भाडं कापलं जाणार नाही, मात्र सजावट पुन्हा लावण्याची जबाबदारीही नाही. हे भांडण वादळात करायचं नसतं. ऐन मुहूर्ताला मुलीच्या बापाला ‘उठा’ म्हणायची कोणाची हिंमत होत नाही. आधी सही असेल तर निदान तोंड उघडता येतं.

आता प्रश्न विचारा.

*सर, आम्ही नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईन ना. तो लावून देते चारही कनाती.*

जाईल. काही जातील. म्हणून हे एकट्यानं करायचं काम नाही. इथे जेवढे बसलात तेवढ्यांनी सारखीच पावती छापली तर गिऱ्हाईक जाणार कुठे? दर ठरवायला तुम्ही एकत्र बसता की नाही? (हशा) मग यालाही बसा.

*विमा मिळते का मंडपाचा?*

मिळतो, पण कागद नीट वाचा. छोट्या उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेची, त्यात वादळाचं नुकसान धरलेलं आहे. पण ती पत्त्यावरच्या मालमत्तेची. तुमचा माल आज मोताळ्याला, उद्या संग्रामपूरला. एजंटला तोंडी विचारू नका. ‘गोदामाबाहेर, दुसऱ्याच्या जागेत उभा असलेला माल धरलाय का’ असं लिहून विचारा आणि उत्तर लिहून घ्या. आणि कामगारांचा अपघात विमा आधी, कापडाचा नंतर.

*मंगल कार्यालयाच्या लॉनवर, पेव्हर ब्लॉकवर खुंटी ठोकू देत नाहीत.*

मग ड्रमच. पण गुळगुळीत फरशीवर ड्रम सरकतो. दोनशे किलोचा ड्रम आडव्या ओढीला त्याच्या निम्म्याच्या आतच दाद देतो. खाली जुन्या टायरची रबराची पट्टी घाला आणि समोरासमोरच्या खांबांचे पाय जमिनीलगत पाइपाने जोडून घ्या. मग एक खांब सरकायचा तर सगळे सरकावे लागतात.

*(एक ताई) आमचा मंडप कधी उडाला नाही, पण दरवर्षी कापड सडून जातं. पाऊस येऊन गेला की पोरं ओलंच गुंडाळून गाडीत टाकतात.*

ताई, हे तुम्ही आधी विचारायला हवं होतं, कारण वर्षभराचं खरं नुकसान हेच असतं. हिवाळ्यात ऊन कोवळं, दिवस लहान. घडीच्या आतलं कापड आठ-आठ दिवस ओलं राहतं, आणि बुरशीचा काळा ठिपका एकदा धरला की धुऊन जात नाही. गाडी गोदामात रिकामी करायच्या आधी कापड दोरीवर टाकायचं, त्याच दिवशी. जागा नसेल तर गोदामातच, पंखे लावून, पण पसरून. गडद लाल आणि पांढरं एकत्र गुंडाळू देऊ नका, रंग उतरतो. चिखल ओला असताना घासू नका. वाळू द्या, मग झटका. आणि पाइप? पाइपाच्या तोंडात पाणी राहतं, ते आतून गंजवतं. उभे करून ठेवा, एका बाजूला टेकवून.

*(त्याच ताई) उभे ठेवायला गोदामाची उंची पुरत नाही.*

मग तिरके ठेवा, एक तोंड विटेवर.